ड्रोन दूरमापनासाठी रेडिओ वारंवारितेची निवड : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात

सारांश : ड्रोन व भूस्थानक यांच्यातील दूरमापनासाठी कोणती वारंवारिता कायदेशीर आहे, हे राजपत्रातील अधिसूचनांवरून ठरते, ती व्यत्ययमुक्त आहे की नाही, हे मात्र प्रत्यक्ष जागेवरील मापनावरूनच ठरते. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

प्रस्तावना

पूरक्षेत्राची पाहणी, गावठाणांचे भूमापन, उसावरील फवारणी अशा कामांत ड्रोनचा वापर वाढला असून महाविद्यालयीन प्रकल्पांतही त्याला स्थान मिळाले आहे. उंची, स्थान, बॅटरीची स्थिती इत्यादी माहिती दूरमापनाद्वारे भूस्थानकाकडे येते. हा दुवा तुटल्यास चालक या माहितीला मुकतो. वस्तीवर किंवा पुराच्या पाण्यावर असे घडणे धोक्याचे असते.

कायदेशीर पट्टे

बाजारात मिळणारे अनेक दूरमापन संच ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यासाठी बनविलेले असतात. हा पट्टा अमेरिकेत खुला आहे, भारतात नाही. येथे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा भाग भ्रमणध्वनीकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या संकेतांसाठी वापरला जातो. साहजिकच असा संच सुरू केल्यास परवान्याविना प्रक्षेपण होतेच, शिवाय आसपासच्या भ्रमणध्वनी सेवेतही व्यत्यय येऊ शकतो.

भारतात २००५ च्या अधिसूचनेने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त झाला. प्रेषकाची शक्ती १ वॅट, परिणामी प्रारित शक्ती ४ वॅट आणि वाहक पट्टारुंदी २०० किलोहर्ट्झ अशी कमाल मर्यादा त्यात घातली गेली. २०२१ मध्ये या पट्ट्याची वरची सीमा ८६८ पर्यंत नेण्यात आली. ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ पट्ट्यात केवळ १० मिलिवॅटची मुभा असल्याने १०० मिलिवॅटचे प्रचलित संच तेथे नियमबाह्य ठरतात. २.४ गिगाहर्ट्झ पट्टाही परवानामुक्त आहे. वारंवारिता खुली असली तरी उपकरणास दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची प्रकार मान्यता आवश्यक असते.

२०२१ च्या ड्रोन नियमावलीने मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना संशोधनासाठी काही सवलती दिल्या. परंतु त्या हरित क्षेत्रातील, संस्थेच्या आवारातील किंवा ताब्यातील मोकळ्या जागेवरील उड्डाणांपुरत्या आहेत. उजळाईवाडी विमानतळ शहरालगत असल्याने क्षेत्राचा नकाशा आधी पाहणे अगत्याचे ठरते. शिवाय या सवलतींमुळे रेडिओविषयक नियमांतून सूट मिळत नाही.

व्यत्ययाचे स्वरूप

परवानामुक्त याचा अर्थ संरक्षित असा नव्हे. अशा पट्ट्यात इतरांकडून होणारा व्यत्यय सहन करावा लागतो व त्याविरुद्ध संरक्षण मागता येत नाही. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यातच फास्टॅग वाचणारी यंत्रे चालतात. त्यामुळे पुणे–बंगळूर महामार्गावरील किणी टोलनाक्याच्या परिसरात हा पट्टा शांत असेल असे गृहीत धरता येत नाही. लोरा संवेदकही याच पट्ट्यात काम करतात. त्याखेरीज ८६९ मेगाहर्ट्झपासून वर भ्रमणध्वनी मनोऱ्यांचे प्रबळ प्रक्षेपण सुरू होते. चांगली गाळणी नसलेला ग्राही मनोऱ्याजवळ दबून जातो.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये वायफाय व ब्लूटूथची गर्दी असते. बहुधा ड्रोनचे नियंत्रणही याच पट्ट्यावर असते. त्यामुळे दूरमापन वेगळ्या पट्ट्यावर ठेवणे हिताचे. समान अंतरावर व समान अँटेना-लाभ असताना ८६६ मेगाहर्ट्झला २४४० मेगाहर्ट्झपेक्षा मुक्त अवकाशातील ऱ्हास सुमारे ९ डेसिबलने, म्हणजे जवळजवळ आठपटीने, कमी होतो.

निवडीची पद्धती

१. संचाची वारंवारिता-उडी ८६५ ते ८६७ च्या आतच राहील अशा सीमा प्रथम निश्चित कराव्यात. कडेच्या वाहिनीची निम्मी रुंदीही सीमेबाहेर जाता कामा नये. अँटेना त्याच पट्ट्याचा असावा. पाव तरंगलांबी सुमारे ८.७ सेंटिमीटर येते.

२. स्वतःचा प्रेषक बंद ठेवून उड्डाणस्थळी गोंगाटाची पातळी वेगवेगळ्या वेळी नोंदवावी. उंचीवर दूरचे मनोरेही थेट दृष्टिपथात येत असल्याने ड्रोनवरील ग्राहीची नोंदही घ्यावी.

३. संकेत व गोंगाट यांतील राखीव अंतर मोजावे. मोकळ्या दृष्टिपथात अंतर दुप्पट झाल्यास संकेत ६ डेसिबलने घटतो. ५०० मीटरवर १२ डेसिबल राखीव असल्यास १ किलोमीटरवर ६ उरतात आणि २ किलोमीटरवर काहीच उरत नाही. उंच उसाचा अडथळा आल्यास ही मर्यादा आणखी जवळ येते.

४. दुवा मुद्दाम तोडून ड्रोनच्या स्वयंचलित परतीची चाचणी सुरक्षित मैदानावर घ्यावी.

निष्कर्ष

कोल्हापूर परिसरात दूरमापनासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा सर्वसाधारणपणे योग्य ठरतो. तथापि पूर्णतः व्यत्ययमुक्त असा परवानामुक्त पट्टा अस्तित्वात नाही. म्हणून प्रत्येक नव्या उड्डाणस्थळी मापन करणे आणि दुवा तुटणारच असे धरून सुरक्षेची तजवीज करणे, ही प्रकल्प मार्गदर्शकाची जबाबदारी ठरते. नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने प्रकल्पारंभी अद्ययावत अधिसूचना पाहणेही आवश्यक आहे.