मानसशास्त्रज्ञ कोणाचा?

मानसशास्त्रासारखा विषय घेऊन कामगार चळवळीतला माणूस या व्यासपीठावर उभा राहावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही ते वाचनालयात आणि फाटकावरच्या सभांत झाले. या विषयाशी माझी गाठ पडली ती एका चार्जशीटमुळे.

एका कारखान्यात व्यवस्थापनाने कामगारांसाठी समुपदेशक नेमला. वेगळी खोली, दोन खुर्च्या, दाराला पडदा. मनात असेल ते मोकळेपणाने बोला, असे सर्वांना सांगण्यात आले. आमचा एक सभासद गेला. रात्री झोप येत नाही, हात थरथरतो, कधीमधी घोटभर घेऊन पाळीवर येतो, असे तो बोलून बसला. पुढे एका किरकोळ अपघातावरून त्याची चौकशी निघाली आणि चार्जशीटमध्ये त्याचे हे बोलणे जसेच्या तसे! मी समुपदेशकाला गाठले. तो म्हणाला, "भाऊ, माझा पगार कंपनी देते. कंपनीने अहवाल मागितला, मी दिला." माणूस दुष्ट नव्हता. तू नेमका कोणाचा, हा प्रश्न त्याला कोणी कधी विचारलाच नव्हता.

वकिलाच्या बाबतीत आपण असे अडत नाही. वकील हा अशिलाचा. मानसशास्त्रज्ञाचे मात्र पुष्कळदा असे होते की, पैसे मोजणारा एक आणि मन उघडणारा दुसरा. फी आईबाप देतात, बोलते पोर. चाचणी न्यायालय मागते, बसतो आरोपी. या पेचातून वाट काढण्यासाठी त्या व्यवसायाने स्वतःला घालून घेतलेले नियम म्हणजे त्याची आचारसंहिता. हा शब्द आपल्याला निवडणुकीपुरताच ठाऊक, म्हणून हा खुलासा.

अशा संहितांपैकी सर्वांत गाजलेली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची. ही संस्था 1892 सालची, पण लेखी संहिता आली 1953 मध्ये. ती कशी तयार झाली, हे आम्हा युनियनवाल्यांना फार ओळखीचे वाटेल. निकोलस हॉब्ज यांच्या समितीने चार विद्वानांना खोलीत बसवून तत्त्वे काढली नाहीत. तिने सुमारे साडेसात हजार सभासदांना पत्रे धाडली : तुमच्या कामात नीतीचा पेच पडला असा प्रत्यक्ष प्रसंग लिहून कळवा. हजाराहून अधिक प्रसंग आले. त्यांची वर्गवारी झाली, चर्चा झाली, आणि मग नियम ठरले. आम्ही खात्याखात्यांतून तक्रारी गोळा करून मागणीपत्रक करतो, त्यातलाच हा प्रकार. नियम जेव्हा कामाच्या जागेवरून वर येतो, तेव्हा त्याला घामाचा वास असतो.

आज चालू असलेली संहिता 2002 साली मंजूर झाली आणि पुढे दोनदा दुरुस्त झाली. तिची सगळी कलमे सांगत बसत नाही. उपचार चालू असताना त्या व्यक्तीशी शरीरसंबंध निषिद्ध, आपल्याला न येणारे काम अंगावर घेऊ नये, हे कोणालाही पटेल. मला मोलाचे वाटते ते संस्थेमार्फत दिल्या जाणाऱ्या सेवेबद्दलचे कलम. काम सुरू होण्यापूर्वी, मागाहून नव्हे, समोरच्या माणसाला सांगायचे : माझा अशील कोण, तू की तुझा मालक, तुझे बोलणे कोणाच्या हाती जाईल, त्याचा वापर कशासाठी होईल, आणि गुप्तता कोठपर्यंत पाळता येईल. शिवाय अहवालात कामापुरतेच लिहायचे. आमच्या सभासदाला एवढे आधी कोणी सांगितले असते, तर तो गप्प बसला असता. गप्प बसण्याचाही माणसाला हक्क आहे.

गुप्ततेलाही मर्यादा असते. 1969 साली कॅलिफोर्नियात बर्कली येथे प्रसेनजित पोद्दार या भारतीय विद्यार्थ्याने तात्याना तारासॉफ या तरुणीचा खून केला. आपण तिला मारणार, असे तो आपल्या मानसशास्त्रज्ञाजवळ बोलला होता. त्याने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले; पोलिसांनी पोद्दारला जुजबी चौकशी करून सोडले; मुलीला मात्र कोणीच सावध केले नाही. आईबापांनी दावा लावला आणि 1976 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, धोक्यात असलेल्या माणसाला वाचवण्यासाठी वाजवी पावले उचलणे हे उपचार करणाऱ्याचे कर्तव्यच आहे. आपल्याकडील 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे 23 वे कलमही रुग्णाला गुप्ततेचा हक्क देते आणि दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असल्यास त्याला अपवाद करते. मात्र तो धोका टाळण्यापुरतीच माहिती द्यायची. मालकाची सोय हा अपवाद त्या यादीत नाही.

आता दुखरी बाजू. संहिता छापली म्हणजे पाळली गेली, असे नव्हे. 2002 च्या संहितेत एक फट होती : नीती आणि कायदा यांत झगडा मिटेना, तर कायदा किंवा अधिकाऱ्यांचा हुकूम पाळण्यास मुभा. अमेरिकी सरकार त्या काळी ग्वांटानामोसारख्या ठिकाणी कैद्यांच्या निर्घृण चौकश्या करीत होते आणि त्यांत मानसशास्त्रज्ञ सामील होते. 2005 मध्ये संस्थेने एक कृतिदल नेमले. त्यातले बहुसंख्य लष्कराशी वा गुप्तहेर खात्याशी संबंधित! चौकशीतला सहभाग नीतीला धरूनच आहे, असा निर्वाळा त्याने दिला. त्याच दलातल्या जीन मारिया अरिगो यांनी पुढे आत काय घडले ते उघड केले. 2008 मध्ये सभासदांनी मतदान करून पुढाऱ्यांविरुद्ध कौल दिला. 2010 मध्ये ती फट बुजवण्यात आली. 2015 मध्ये वकील डेव्हिड हॉफमन यांच्या चौकशीतून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे संरक्षण खात्याशी संगनमत उजेडात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संस्थेच्या मंडळाने राष्ट्रीय सुरक्षेच्या चौकश्यांतून मानसशास्त्रज्ञांना बाहेर ठेवण्याचा ठराव केला : विरुद्ध पडले अवघे एक मत. पुढारी विकले जातात आणि सभासद त्यांना जागेवर आणतात, हे मी आमच्या चळवळीतही पाहिले आहे. पण तेरा वर्षे फार झाली.

संहितेचे दात किती, असेही कोणी विचारील. संस्था फार तर सभासदत्व काढून घेते. धंद्याचा परवाना तेथे राज्याच्या मंडळाच्या हाती असतो. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे नाव 1992 च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते. तेव्हा पाटी पाहून आत शिरण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारावा. त्यात उद्धटपणा काही नाही. रिक्षाचे मीटर आपण पाहतोच ना!

त्या सभासदाचे काय झाले, हे राहिलेच. चौकशीत आम्ही ते वाक्य पुराव्यातून काढायला लावले. नोकरी वाचली, दोन वेतनवाढी गेल्या. पुढच्या कराराच्या वेळी आम्ही एक कलम मागितले : समुपदेशकाजवळ झालेले बोलणे कामगाराच्या लेखी संमतीवाचून व्यवस्थापनाला मिळणार नाही. व्यवस्थापनाने मसुद्यात 'सर्वसाधारणपणे' हा शब्द घुसवला. तो एक शब्द खोडून घ्यायला आम्हाला चार बैठका लागल्या.