नारिंगी लघवी, पिवळे डोळे

यंत्रमागावर काम करणारा तिशीतला तरुण. दीड महिना खोकला, संध्याकाळी अंगात कणकण, कंबरेवरून घसरू लागलेली पँट. थुंकीच्या तपासणीत टीबीचे जंतू सापडतात आणि सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी नारिंगी-लाल दिसते. ‘रक्त जातंय, गोळ्या गरम पडल्या,’ असे शेजारचा सांगतो. घाबरलेला तरुण गोळ्यांचे पाकीट फळीवर टाकून देतो. आठवड्याने आशाताई घरी चौकशीला येतात तेव्हा कुठे उलगडा होतो, की तो रंग रक्ताचा नव्हे, गोळीचा होता.

त्याच वस्तीतल्या पन्नाशीच्या मावशींचे नेमके उलटे. उपचाराचा पाचवा आठवडा. अन्नाची वासना उडालेली, रोज उलट्या. पण ‘एकही गोळी चुकवायची नाही’ असे त्यांना बजावलेले असते, म्हणून त्या निमूटपणे गोळ्या गिळत राहतात. डोळे पिवळे झाल्याचे सुनेच्या लक्षात येते तोवर आठ दिवस गेलेले असतात आणि औषधामुळे यकृताला सूज आलेली असते.

हे दोघे कुणी विशिष्ट रुग्ण नव्हेत. पण क्षयरोग केंद्रात काम करणाऱ्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. एकाने गरज नसताना गोळ्या सोडल्या, दुसरीने थांबायला हवे तेव्हाही घेतल्या. दोघांचीही चूक म्हणता येणार नाही, कारण काय सोसायचे आणि काय सोसायचे नाही हे त्यांना पहिल्या दिवशी कुणी नीट समजावलेच नव्हते.

चार औषधे, सहा महिने

अनेक साधे जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. टीबीच्या जंतूला त्यासाठी साधारण अठरा ते चोवीस तास लागतात. औषधे वाढणाऱ्या जंतूंना लवकर मारतात. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. मात्र काही जंतू निपचित पडून राहतात, राखेखालच्या निखाऱ्यासारखे. ते अधूनमधून जागे होतात आणि जागे होतील तेव्हा औषध शरीरात हजर असावे लागते. म्हणून बरे वाटू लागल्यावरही उपचार काही महिने चालू ठेवावे लागतात.

औषधे अनेक का, याचेही उत्तर जंतूंच्या संख्येत आहे. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात. त्यांतल्या साधारण दहा लाखांत एखाद्यावर आयसोनियाझिड हे औषध मुळातच चालत नाही. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि हा एखादा उरतो, वाढतो. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हेच दिसले. रुग्ण आधी झपाट्याने सुधारले, पण पुढे अनेकांच्या जंतूंनी औषधाला दाद देणे सोडले. तेव्हापासून टीबीवर एकाच वेळी अनेक औषधे देण्याचा नियम रूढ झाला.

आज औषधांना दाद देणाऱ्या टीबीसाठी पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल ही चार औषधे दिली जातात. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. सरकारी कार्यक्रमात ही औषधे एकाच गोळीत एकत्र केलेली असतात. किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरते. ५० ते ६४ किलो वजनाच्या प्रौढाला रोज चार गोळ्या. म्हणून दर महिन्याला वजन करणे हा निव्वळ उपचार नव्हे. वजन वाढून पुढच्या गटात गेले तर डोस बदलावा लागू शकतो. मेंदूच्या किंवा हाडांच्या टीबीत उपचाराचा काळ याहून मोठा असतो.

घर हेच रुग्णालय

एके काळी टीबीचा रुग्ण वर्षभर सॅनेटोरियममध्ये राहायचा. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या संशोधन केंद्राने दाटीच्या, गरीब वस्तीतल्या रुग्णांना घरी औषध देऊन पाहिले. सॅनेटोरियममध्ये चांगले अन्न आणि विश्रांती मिळणाऱ्यांच्या तुलनेत घरी उपचार घेणारे फारसे मागे राहिले नाहीत. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने जगभरातील टीबीचा उपचार रुग्णालयातून घरी आणला.

त्याचा एक अर्थ मात्र अनेकदा निसटतो. सॅनेटोरियममध्ये रोज कुणीतरी रुग्णाला पाहायचे, काय होतेय ते विचारायचे. आता ते काम घरच्यांवर आले. डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात. उरलेले एकोणतीस दिवस औषध रुग्णाला सोसतेय की नाही, हे घरातल्या माणसांनाच आधी दिसते.

गोळ्या कशा घ्याव्यात?

सगळ्या गोळ्या एकदम आणि रोज ठरावीक वेळी घ्याव्यात. ‘चार गोळ्या जड जातात’ म्हणून दोन सकाळी, दोन रात्री अशी वाटणी स्वतःहून करू नये. त्यामुळे रक्तात औषधाची पुरेशी पातळी येत नाही. उपाशीपोटी औषध अधिक चांगले शोषले जाते. मळमळ होत असेल तर थोडे हलके खाऊन घेतले तरी चालते; गोळी न घेण्यापेक्षा ते केव्हाही बरे. जळजळीसाठी अँटासिड घ्यायचेच असेल तर दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण अ‍ॅल्युमिनियम असलेले अँटासिड आयसोनियाझिड शोषू देत नाही.

सकाळची गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीचाच डोस घ्यावा, भरपाई म्हणून दुप्पट नको. आणि केंद्रात सांगावे. रागावतील म्हणून लपवू नये.

गावी जाणे, लग्नसराई, कामाच्या पाळ्या यांत आठवडे-दोन आठवडे गोळ्या बंद पडल्या, तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नयेत. रिफॅम्पिसिन मध्येच बंद करून पुन्हा घेतल्यावर काहींना थंडी-ताप येतो. क्वचित प्लेटलेट घटतात किंवा मूत्रपिंडावर परिणाम होतो. शिवाय खंड किती पडला यावर पुढचा उपचार ठरतो. गावी जायचे असेल तर आधी केंद्रात सांगावे. गोळ्या सोबत मिळतात किंवा तिथल्या केंद्रातून घेण्याची सोय होते.

दारू या काळात पूर्ण बंद. या चारपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्हींचा यकृतावर भार पडतो. दारूने तो वाढतो. ‘ताकद येण्यासाठी’ कुणी दिलेला काढा किंवा भस्म, त्यात काय आहे ते माहीत नसताना घेणेही टाळावे.

काय सोसावे?

लघवी, घाम, थुंकी, अश्रू यांना नारिंगी छटा येणे हा रिफॅम्पिसिनचा गुण आहे. तो निरुपद्रवी आहे आणि उपचार संपल्यावर जातो. डोळ्यांत काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी या काळात चष्मा लावावा, नाहीतर लेन्सवर कायमचे डाग पडतात. सुरुवातीला थोडी मळमळ, पोटात अस्वस्थ वाटणे हेही बहुतेकांत काही दिवसांत कमी होते.

पायराझिनामाइडमुळे रक्तातले युरिक अ‍ॅसिड वाढते आणि सांधे दुखू शकतात. डॉक्टरांना सांगितल्यास त्यावर साधे औषध मिळते, आणि दोन महिन्यांनी हे औषध थांबले की दुखणेही सहसा थांबते. तळपायांना मुंग्या येणे, आग होणे हा आयसोनियाझिडचा नसांवरचा परिणाम असू शकतो. मधुमेही, गरोदर स्त्रिया, दारू पिणारे, एचआयव्हीबाधित आणि कुपोषित रुग्णांत तो जास्त दिसतो. ब-६ जीवनसत्त्वाच्या गोळीने तो टाळता येतो. मुंग्या सुरू झाल्या तर गोळ्या चालू ठेवाव्यात, पण महिनाअखेरची वाट न पाहता केंद्रात कळवावे.

काय सोसू नये?

सतत उलट्या, अन्न नकोसे होणे, पोटाच्या उजव्या वरच्या भागात दुखणे, कमालीचा थकवा आणि डोळे पिवळे होणे ही यकृताला सूज आल्याची लक्षणे आहेत. कावीळ ओळखताना इथे एक घोटाळा होतो. एरवी लघवी गडद झाली की घरचे सावध होतात. टीबीच्या रुग्णाची लघवी मात्र पहिल्या दिवसापासूनच रंगीत असते. त्यामुळे लघवीवर विसंबू नये. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा. तो पिवळा दिसला किंवा उलट्या थांबत नसतील, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्ताची साधी तपासणी करून निदान होते. यकृत सावरल्यावर डॉक्टर औषधे एकेक करून, मध्ये काही दिवस ठेवून पुन्हा सुरू करतात. बहुतेक रुग्ण उपचार पूर्ण करू शकतात. ‘काविळीचे औषध’ घेत घरी बसून राहणे मात्र जिवावर बेतू शकते.

एथॅम्ब्युटॉलचा परिणाम क्वचित दृष्टीच्या नसेवर होतो. अक्षरे धूसर दिसतात, लाल-हिरवा रंग फिका वाटू लागतो. वेळीच औषध थांबवले तर दृष्टी बहुधा सुधारते, उशीर झाला तर नुकसान कायमचे राहू शकते. घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. आठवड्यातून एकदा, एक डोळा झाकून, नेहमीच्याच अंतरावरून भिंतीवरची दिनदर्शिका वाचावी. मग दुसरा डोळा झाकून. तारखा अस्पष्ट वाटल्या किंवा रविवारचा लाल रंग पूर्वीसारखा दिसला नाही, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना भेटावे.

अंगभर पुरळ येऊन सोबत ताप किंवा तोंडात फोड, चेहरा सुजणे, धाप लागणे, त्वचेवर जांभळे ठिपके उठणे, लघवी फार कमी होणे यांपैकी काहीही झाले तर डोस थांबवून तातडीने रुग्णालयात जावे. कोणती गोळी दोषी हे घरी बसून ठरवता येत नाही. चारातली एक वगळून बाकीच्या घेत राहणे म्हणजे जंतूंना औषधाची सवय लावणे.

इतर औषधे आणि टीबीची गोळी

रिफॅम्पिसिन यकृतातली औषधे निकामी करणारी यंत्रणा वेगवान करते. परिणामी दुसऱ्या अनेक औषधांचा जोर कमी होतो. गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही; तांबी किंवा निरोध वापरावा लागतो. रक्त पातळ करणारे वॉरफरिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, एचआयव्हीची काही औषधे यांचे डोस बदलावे लागतात. टीबीचा उपचार संपल्यावर ते पुन्हा तपासावे लागतात, कारण तेव्हा त्याच औषधांचा जोर वाढतो. म्हणून पहिल्याच भेटीत घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ठेवावी. मूत्रपिंडाचा आजार किंवा पूर्वी झालेली कावीळ तर सांगायलाच हवी.

गर्भारपणात ही चार औषधे देता येतात. दिवस राहिले म्हणून गोळ्या बंद केल्यास आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. बाळाला अंगावर पाजणेही थांबवावे लागत नाही.

लपवून घेतलेली गोळी

नवी नवरी सासरी कळू नये म्हणून गोळ्या पिठाच्या डब्यामागे ठेवते. उलट्या झाल्या तर ‘पित्त झाले’ म्हणते. तिचे डोळे उजेडात कोण पाहणार? लपवून घेतलेले औषध म्हणूनच धोक्याचे असते. टीबी हवेतून पसरतो. ताट-वाटी, कपडे यांतून नव्हे. योग्य औषधे सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच कमी होतो. घरात खिडक्या उघड्या ठेवणे आणि खोकताना तोंड झाकणे पुरेसे उपयोगी पडते. वेगळे ताट लागत नाही.

अर्धवट उपचारानंतर परतणारा टीबी अनेकदा नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. अशा टीबीसाठी सहा महिन्यांच्या, केवळ गोळ्यांच्या नव्या उपचाराला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. सुयांचे दिवस सरले ही मोठीच सुटका आहे. पण त्यातल्या लिनेझोलिडने रक्तपेशी घटू शकतात, नसांना इजा होऊ शकते. त्यामुळे पहिल्याच, सोप्या उपचारात बरे होण्यातच शहाणपण आहे.

टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून उपचारकाळात दरमहा १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. शंका विचारण्यासाठी १८००-११-६६६६ हा निःशुल्क क्रमांक आहे. गोळ्या संपल्यावरही पुढची दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचे असते.

त्या तरुणाने शेजाऱ्याऐवजी आशाताईंना विचारले असते तर त्याचा आठवडा वाया गेला नसता. मावशींच्या सुनेला डोळे पाहायला आधीच सांगितलेले असते तर दुखणे एवढे वाढले नसते. टीबीचे पाकीट घरात आले की या दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात: नारिंगी लघवीला भ्यायचे नाही, आणि पिवळ्या डोळ्यांनी एक दिवसही घरी थांबायचे नाही.