विदागाराचे अनामिकीकरण

विदागाराचे अनामिकीकरण म्हणजे संगणकीय विदागारातील नोंदींची उपयुक्तता राखून, त्या कोणाच्या आहेत हे ओळखता येणार नाही असा त्यांत बदल करणे. चाचणी, संशोधन किंवा जाहीर प्रकाशनासाठी विदा देण्यापूर्वी ही प्रक्रिया केली जाते.

नीट २०२४ चे उदाहरण

वैद्यकीय प्रवेशासाठीची नीट परीक्षा ५ मे २०२४ रोजी झाली. लातूर व नांदेड ही शहरे या परीक्षेच्या तयारीसाठी राज्यभर परिचित आहेत. गैरप्रकारांच्या तक्रारींवरील सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै रोजी शहरनिहाय व केंद्रनिहाय गुण प्रसिद्ध करण्याचा, मात्र परीक्षार्थींची ओळख झाकण्याचा आदेश दिला. त्यानुसार २० जुलै रोजी निकाल प्रसिद्ध झाला. परिणामी, एखाद्या केंद्रावरील गुण अस्वाभाविक आहेत काय, हे नागरिकांना विद्यार्थ्यांची नावे न कळता तपासता आले.

कार्यपद्धती

अशा कामासाठी कमांड लाइनवर चालणारी साधने वापरतात. प्रथम मूळ विदागाराची प्रत काढतात. काही साधने नोंदी जागच्या जागी बदलत असल्याने मूळ विदागारावर ती कधीही चालवू नयेत. नंतर कोणत्या सारणीतील कोणत्या स्तंभाचे काय करायचे, याचे नियम एका धारिकेत लिहितात. नावाऐवजी काल्पनिक नाव घालणे, भ्रमणध्वनी क्रमांक पुसणे, जन्मतारखेचे केवळ वर्ष ठेवणे, हे नेहमीचे नियम होत. ती धारिका देऊन आज्ञा चालवली की सर्व ओळी बदलतात. शेवटी बदललेली प्रत तपासूनच बाहेर देतात.

मर्यादा

केवळ नाव काढल्याने नोंद अनामिक होत नाही. शिकवणी वर्गांच्या फलकांवर विद्यार्थ्यांची छायाचित्रे गुणांसह झळकतात. तेवढे गुण शहरात एकालाच असतील, तर यादीतील त्याची ओळ सापडते. त्या ओळीत केंद्र व गुणच असल्यास हानी अल्प असते. जन्मतारीख, प्रवर्ग किंवा पत्ता असल्यास तोही उघड होतो. तसेच दहा अंकी भ्रमणध्वनी क्रमांकाचे साध्या सूत्राने सांकेतिक रूप केले, तरी सर्व संभाव्य क्रमांक पडताळून मूळ क्रमांक शोधता येतो. म्हणून प्रत्येक स्तंभ स्वतंत्रपणे तपासणे पुरेसे नसते. स्तंभ एकत्र आल्यावर व्यक्ती ओळखता येते काय, हेही पाहावे लागते.