सहलीची गाडी आणि तिचा विमा

हिंगोलीहून औंढा नागनाथ, तेथून सिद्धेश्वर धरण, आणि परततांना संत नामदेवांचें नरसी अशी दोन दिवसांची फेरी सहकुटुंब करावी, आणि मुक्कामासाठीं खोली शोधीत न बसतां गाडींतच निजावें, ही कल्पना कोणासहि मोह घालील. महाराष्ट्र शासनानेंहि २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारलें. निजावयास बाकें, स्वयंपाकास ओटा, पाण्याची टांकी अशी ही गाडी म्हणजे चाकांवरचें घरच. परंतु तिचा विमा निवडतांना पुष्कळ कुटुंबें हप्त्याची रक्कम तेवढी पाहतात. गाडीचा उपयोग काय, हें पाहत नाहींत.

विम्याचे मूलतः दोन भाग आहेत. एक परक्यासाठीं, दुसरा स्वतःसाठीं. रस्त्यावरील त्रयस्थास इजा झाल्यास भरपाई देणारा विमा ऐच्छिक नाहीं. ही सक्ती १९३९ च्या मोटार कायद्यांत आली आणि १९८८ च्या कायद्याच्या १४६ व्या कलमानें ती आजहि कायम आहे. एवढा विमा उतरला म्हणजे झालें, असा कित्येकांचा समज असतो. पण त्यांत खुद्द गाडीचें नुकसान येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर खाजगी गाडींत बसलेल्या मालकाच्या आप्तांसहि त्याचा आधार नसतो. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालच्या एका निवाड्यांत हा भेद स्पष्ट केला: सर्वसमावेशक पॉलिसींत गाडींतील माणसांस संरक्षण आहे, केवळ कायद्यापुरत्या पॉलिसींत नाहीं. ज्या गाडींत आजी आणि नातवंडें प्रवास करणार, तिला कायद्यापुरता विमा पुरेसा कसा म्हणावा?

दुसरा विचार किंमतीचा. गाडी चोरीस गेली किंवा पूर्ण नष्ट झाली, तर पॉलिसींत लिहिलेल्या घोषित किंमतीच्या आधारेंच भरपाई मिळते. ही किंमत कारखान्याच्या विक्रीकिंमतींतून गाडीच्या वयाप्रमाणें घट वजा करून ठरते. मागाहून बसविलेलीं बाकें, फ्रीज, सौरपट्टे यांचा तींत आपोआप समावेश होत नाहीं. तीं स्वतंत्र नोंदवून त्यांचा हप्ता भरावा लागतो. शिवाय, गाडीच्या मूळ रचनेंत बदल करावयाचा तर कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें तो रीतसर नोंदणींत यावा लागतो. कागदावर एक गाडी आणि रस्त्यावर दुसरीच, अशी स्थिति असल्यास भरपाईच्या वेळीं वाद ओढवतो.

तिसरी गोष्ट उपयोगाची. महाशिवरात्रीच्या यात्रेपुरती गाडी एखाद्या परिचितास भाड्यानें दिली, तर खाजगी पॉलिसीची अट मोडते. भाडें थोडें घेतलें कीं फार, हा प्रश्न तेथें गौण आहे. गाडी भाड्यानें द्यावयाचीच असेल, तर नोंदणी, परवाना आणि पॉलिसी हीं तिन्ही त्या उपयोगाचीं हवींत.

पावसाळ्यांत आणखी एक धोका असतो. ओढ्याच्या पाण्यांत बंद पडलेलें इंजिन पुन्हा चालू करूं गेल्यास तें निकामी होतें, आणि असें नुकसान साध्या पॉलिसींत सहसा धरीत नाहींत. त्यासाठीं इंजिन-संरक्षणाचें जादा कलम घ्यावें लागतें. तें असो वा नसो, अशा वेळीं किल्ली न फिरवितां गाडी ओढून न्यावी, हेंच शहाणपणाचें.

सहलीची गाडी वर्षांतील बरेच महिने दारांत उभी असते. म्हणून पॉलिसीचें नूतनीकरण लांबणीवर टाकण्याचा मोह होतो. पण दारांतल्या गाडीसहि आग, चोरी आणि पूर यांचें भय आहेच. शिवाय, भरपाई न मागितल्याबद्दल मिळणारी हप्त्यांतील सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि सलग पांच वर्षांनंतर ५० टक्के होते. पॉलिसीची मुदत संपून ९० दिवस उलटल्यास ती सर्व बुडते. तेव्हां हप्ता वाचवावयाचा तो या सवलतीनें वाचवावा, संरक्षण कमी करून नव्हे. गाडी कोण चालविणार, तींत कोण निजणार, तींत काय बसविलें आहे आणि ती कधीं भाड्यानें जाणार काय, या चार प्रश्नांचीं खरीं उत्तरें विमा कंपनीस आधींच लिहून द्यावींत. अपघातानंतर कंपनी तींच विचारते. पण त्या वेळीं उत्तर बदलून उपयोग नसतो.