अंधार पडण्याआधीची वीस मिनिटं

रोषणाईचा फोटो काढायचा तर आधी मिट्ट काळोख हवा, असं बहुतेकांना वाटतं. जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला मंद्रूपसारख्या गावांतून आलेली माणसं तळ्याकाठी मोबाइल उंचावतात, तेव्हा बऱ्याचदा रात्र झालेली असते. फोटोत येतात ते काळ्या पडद्यावरचे पांढरे ठिपके. देऊळ हरवतं, पाणीही हरवतं.

सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूची प्रकाश साठवण्याची क्षमता ठरलेली असते. दिव्यासमोरचे बिंदू क्षणात काठोकाठ भरतात आणि लाल-हिरवा रंगही पांढरा होतो. शेजारची भिंत मात्र अजून रिकामीच असते. तिला उजेड द्यायला हवा, आणि तो आकाशच देऊ शकतं.

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सूर्य साधारण सहा वाजून दहा मिनिटांनी मावळतो. तो क्षितिजाखाली ६ अंश जायला जेमतेम २३ मिनिटं लागतात. लंडनला याच हंगामात चाळीसच्या आसपास लागतात, कारण तिथे सूर्य तिरका उतरतो. आपल्याकडे जवळजवळ सरळ बुडतो. या वेळेच्या उत्तरार्धात आकाशाचा आणि दिव्यांचा उजेड बरोबरीला येतो. शिखराची कड दिसते, दिव्यांचे रंगही टिकतात.

तेव्हाचं गडद निळं आकाश ही मुख्यतः ओझोनची किमया. वातावरणातून लांबचा तिरपा प्रवास करणाऱ्या प्रकाशातला पिवळा-नारिंगी भाग ओझोन शोषून घेतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हलबर्ट यांनी हे १९५३ मध्ये दाखवून दिलं. इतकी सुंदर गोष्ट डोळ्यांसमोर रोज घडते आणि आपण ती क्वचितच न्याहाळतो!

एलईडीच्या माळांची वेगळी अडचण. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे अनेक स्वस्त माळा सेकंदाला ५० किंवा १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर फार वेगवान ठेवलं तर काही दिवे विझलेलेच येतात, व्हिडिओत पट्टे सरकतात. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकं किंवा त्याहून संथ ठेवावं, आयएसओ कमी ठेवावा, मोबाइल कट्ट्यावर टेकवून टायमर लावावा. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर सोडू नये, पणतीचा ऊबदार पिवळा रंग तो फिका करून टाकतो.

लक्ष्मीपूजन अमावास्येचं, तेव्हा चंद्राची मदत नाही. त्रिपुरी पौर्णिमेला मात्र सूर्य मावळायच्या सुमारासच पूर्वेला पूर्ण चंद्र उगवतो, आणि दीपमाळेसोबत तो एकाच चौकटीत घेता येतो.