अंगावरचे दूध आणि पाळीचा हिशेब

‘बाळ अंगावर पिते आहे, तोवर दिवस जात नाहीत,’ असे आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. हे खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे माहीत नसल्याने पहिले मूल चालू लागण्याआधीच दुसऱ्याची चाहूल लागते.

बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूला संदेश जातो. पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारे संप्रेरक वाढते. त्याच वेळी अंडाशयाला चालना देणारे एलएच हे संप्रेरक मंदावते. अंडाशयातील बीजपुटिकेच्या बाहेरच्या पेशी एलएचच्या हुकमाने कच्चा माल बनवतात. आतल्या पेशींतील अ‍ॅरोमॅटेज नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे इस्ट्रोजेन करते. हुकूमच मंदावला की कच्चा माल कमी, इस्ट्रोजेन कमी. मग बीज पिकत नाही आणि पाळीही येत नाही.

यावर भरवसा ठेवायचा तर तीन अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे. पाळी परतलेली नसावी. बाळ रात्रंदिवस केवळ अंगावरच पीत असावे. असे असल्यास संरक्षण ९८ टक्क्यांहून अधिक असते, असा निष्कर्ष १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे तज्ज्ञांनी काढला.

आता तिरोडा परिसरातील रोवणीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. आई सकाळपासून बांधीत, बाळ आजीजवळ, वरच्या दुधावर. चोखणे कमी झाले की एलएच जागे होते, विकरे कामाला लागतात आणि बीज पिकते. उष्टावणानंतरही हेच घडते. मुख्य म्हणजे पहिली पाळी येण्यापूर्वीच बीज सुटू शकते. म्हणून पाळीची वाट पाहत बसणे धोक्याचे.

तीनपैकी एकही अट मोडली की लगेच दुसरे साधन घ्यावे. निरोध व तांबी दुधाला बाधत नाहीत. संप्रेरकविरहित ‘छाया’ गोळी अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. ‘अंतरा’ इंजेक्शन बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी घेता येते. माला-एनसारख्या गोळ्या मात्र पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने टाळाव्यात. कोणते साधन सोयीचे, हे डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विचारून ठरवावे.

साधन घेतले म्हणून पाजणे थांबवू नये. वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत अंगावरचे दूध द्यावे. बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा किमान दोन वर्षांनी व्हावी, हे आई आणि बाळ दोघांच्याही हिताचे. घरातल्या सासूबाईंनी आणि बाळाच्या वडिलांनीही हा हिशेब समजून घ्यावा.