हलके, पण हलक्या प्रतीचे नव्हे

इंग्रजीच्या पुस्तकात 'पुडिंग' हा शब्द आला की आपल्या डोळ्यांपुढे साच्यातून काढलेले, थरथरणारे कॅरॅमल कस्टर्ड उभे राहते. इंग्रजांच्या घरी मात्र या शब्दाचा पसारा फार मोठा आहे. जेवणानंतर खाल्ल्या जाणाऱ्या कोणत्याही गोड पदार्थाला तेथे पुडिंग म्हणतात. काही पुडिंगे कापडात बांधून उकडतात, काही वाफवतात, काही भट्टीत भाजतात. भाजलेल्या पुडिंगांपैकी एक साधे, घरगुती पुडिंग म्हणजे 'ईव्हज् पुडिंग'. तळाशी शिजलेले सफरचंद आणि वर केकसारखा मऊ थर, एवढेच त्याचे स्वरूप. सफरचंदाशी आदिमाता ईव्हचे नाव जोडले गेले आहे, म्हणून हे नाव.

या पुडिंगासाठी इंग्रज गृहिणी 'ब्रॅम्ली' जातीचे सफरचंद घेते. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात साउथवेल नावाचे गाव आहे. तेथे १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने बी पेरले आणि त्यातून या जातीचे पहिले झाड उगवले. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतले. एका रोपवाटिकावाल्याने कलमे मागितली, तेव्हा फळाला आपले नाव द्यावे अशी अट ब्रॅम्लीने घातली. झाड लावणारी मागे राहिली आणि घरमालक अमर झाला! असो. हे फळ कच्चे खाववत नाही इतके आंबट असते. पण शिजवले की त्याचा कापसासारखा मऊ लगदा होतो.

सहा माणसांच्या पुडिंगाचे रूढ प्रमाण साधारण असे : सफरचंदे अर्धा किलो, त्यांत साखर ७५ ग्रॅम, वरच्या थरासाठी लोणी, साखर व मैदा प्रत्येकी १०० ग्रॅम, दोन अंडी आणि थोडी बेकिंग पावडर. हिशेब केला तर सारे मिळून २१०० कॅलरींच्या आसपास, म्हणजे प्रत्येक वाढपात सुमारे ३५०. त्यांतल्या एकतृतीयांशाहून अधिक एकट्या लोण्याच्या. वरून घट्ट साय घेतली तर ती निराळीच.

हे हलके कसे करावे? प्रथम मीही सरळ मार्ग धरला. घरी भट्टी नसल्यामुळे आपल्याकडे केक करतात तसे पातेल्यात वाळू तापवून, तीवर डबा ठेवून पुडिंग केले. लोणी निम्मे केले, बाकी सर्व तसेच ठेवले. वरचा थर चामड्यासारखा चिवट झाला. आई म्हणाली, "लोणी वाचवलंस, पण जिन्नस वाया घालवलास." तिचे खरे होते. लोणी तेथे काय काम करते हे न विचारताच मी त्याला कमी केले होते.

लोण्याची कामे दोन. लोणी व साखर एकत्र फेसताना त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. भट्टीत ते फुगतात आणि थर वर येतो. शिवाय लोणी मैद्याच्या कणांवर पसरते, त्यामुळे मैद्याला चिवटपणा येत नाही. तेव्हा लोणी काढायचे तर त्याचे काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवले पाहिजे. ते अंडी करू शकतात.

दोन अंडी व ५० ग्रॅम साखर एका भांड्यात घ्यावी. ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यावर धरून मिश्रण फेटत राहावे. दहाएक मिनिटांत ते फिकट, दाट व तिपटीने फुगलेले होते. चमचा उचलला असता पडणारी धार क्षणभर वर तशीच दिसली, की झाले. मग ५० ग्रॅम मैदा दोनदा चाळून, थोडा थोडा घालून खालून वर असा हलक्या हाताने मिसळावा. येथे जोर केला तर साठवलेली सारी हवा निघून जाते. बेकिंग पावडर लागत नाही.

साखरेचेही तसेच. ब्रॅम्लीचा आंबटपणा मोडायला साखर फार लागते. म्हणून निम्मी ब्रॅम्ली आणि निम्मी 'कॉक्स'सारखी गोड सफरचंदे घ्यावीत. मग २५ ग्रॅम साखर, मूठभर बेदाणे आणि चिमूटभर दालचिनी पुरते. आपल्याकडची सफरचंदे बहुधा गोडच असतात. त्यांत लिंबू पिळावे. फोडी अगोदर शिजवून पाणी आटवावे, नाहीतर वरचा थर खालून ओला राहतो. भांड्याला चमचाभर लोणी लावून फळ पसरावे, वर मिश्रण ओतावे आणि १८० अंश सेल्सिअसला २५ ते ३० मिनिटे भाजावे. आता एका वाढपाच्या कॅलरी सुमारे १६० होतात.

एक उणीव सांगितली पाहिजे. लोण्यावाचून केलेला थर दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. म्हणून हे पुडिंग त्याच दिवशी संपवावे. सायीऐवजी बिनसायीच्या दुधातले पातळ कस्टर्ड चालते.

परंपरा बिघडली असे कोणी म्हणेल. पण एकोणिसाव्या शतकात याच नावाचे पुडिंग जनावराची चरबी घालून तासन्‌तास उकडत असत. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या जानेवारीपासून, इंग्लंडात रेशन सुरू झाले. बराच काळ माणशी आठवड्याला लोणी सुमारे ५७ ग्रॅम आणि अंडे एक मिळे. एका रूढ पुडिंगात दोघांचा आठवड्याचा वाटा खर्च झाला असता. रेशन पुरते उठायला १९५४ चा जुलै उजाडला. त्या काळी गृहिणींनी गाजर किसून गोडी आणली, पण पुडिंग सोडले नाही.

आपल्या भाषेत 'हलके' या शब्दाला दोन अर्थ आहेत : वजनाने कमी आणि प्रतीने कमी. नुसती वजाबाकी केली की दुसरा अर्थ खरा ठरतो, हे मी चिवट पुडिंग खाऊन शिकले. दुसऱ्या खेपेचा डबा मात्र रात्रीपर्यंत उरला नाही, आणि शेवटची फोड आईनेच घेतली.